उधाण आणि भांग

चंद्राविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे त्याचा बराच मोठा भाग मान वर करून लिहिलेला आहे. अंगाईतला चांदोमामा, विरहिणीचा दाह वाढवणारा चंद्र, भावगीतांतले टिपूर चांदणे, कोजागिरीचे आटीव दूध. या सगळ्यांत चंद्र ही पाहण्याची वस्तू आहे. माझे आजोळ ज्या पट्ट्यात आहे तिथे चंद्राशी असलेला संबंध थोडा निराळा होता. तिथे चंद्र आकाशात दिसला काय किंवा ढगाआड गेला काय, फारसे बिघडत नसे. तो कुठे असेल हे खाडीच्या चिखलावरून कळे, आणि चिखल आत्ता पाण्याखाली असेल की उघडा, हे तिथीवरून कळे.

हा पट्टा म्हणजे अलिबाग आणि पेण यांच्या मधला, धरमतरच्या खाडीला लागून असलेला खारेपाट. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. इथली भातशेती मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. शेत आणि समुद्र यांच्या मध्ये असतो तो फक्त एक मातीचा बांध. बांधात ठिकठिकाणी पाण्याला वाट ठेवलेली असते, तिला उघाडी म्हणतात. जुन्या उघाडीचे दार लाकडी असे आणि ते समुद्राच्या बाजूला झुलते बसवलेले असे. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की समुद्राचेच पाणी दार दाबून धरते आणि स्वतःची वाट स्वतः बंद करते. दिवसातून दोनदा उघडणारे आणि दोनदा मिटणारे हे दार चालवायला माणूस लागत नाही. पावसाळाभर असे होत राहिले की मातीतला खार धुपून जातो आणि भात येते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारे भाताचे वाण पुढे काढले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही शेती चालत आली आहे. शेताच्या कडेला तळे, तळ्यात जिताडा, खाडीच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. हे सारे जगणे त्या दाराच्या उघडझापीवर बेतलेले, म्हणजे पर्यायाने चंद्रावर.

महिन्याचे या लोकांनी दोन भाग केले होते, आणि ते पंचांगातल्या शुक्ल-कृष्ण पक्षांपेक्षा वेगळे होते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण. दोन्ही अष्टम्यांच्या आसपास भांग. उधाणात भरती खूप चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते; भांगेत पाणी जेमतेम हलते. कारण शाळेतल्या पुस्तकात असते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि दोघांची ओढ एकमेकींत मिळते. अष्टमीला ते काटकोनात असतात आणि सूर्य चंद्राचे काम थोडे निष्फळ करतो. (सूर्याचे एकूण गुरुत्वाकर्षण आपल्यावर चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. तरीही भरतीच्या बाबतीत त्याचे बळ चंद्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी भरते. भरतीला एकूण ओढ महत्त्वाची नसते. पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक महत्त्वाचा असतो, आणि हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत जातो.) पुस्तकात नसते ते असे, की बांधाची डागडुजी भांगेत करायची आणि राखण उधाणात. आजोबा एरवी कुठल्याही उपासाचे नव्हते, पण त्यांना तिथी विचारली आणि त्यांनी क्षणभर तरी विचार केला, असे मी कधी पाहिले नाही.

तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब कोकणात बऱ्याच जणांना ठाऊक असे, अजूनही काहींना आहे. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन, दोन्ही. खरे गणित तिथीमागे ४८ मिनिटांचे आहे आणि पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जातात, म्हणून पौर्णिमेशी पोचेपर्यंत हा हिशेब पाऊण तास मागे पडतो; पौर्णिमेची भरती खरी बाराच्या सुमारास. पण तोंडी करायच्या हिशेबाला एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि ती मला अजून नवलाची वाटते. उधाणाची भरती मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येते. सकाळी सहाला कधीच येत नाही. उधाण यायला सूर्य-चंद्र एका रेषेत हवेत, आणि ते एका रेषेत असले की ते माथ्यावर येण्याची घटकाही रोजची तीच. प्रत्येक बंदराची ही घटका वेगळी असते, कारण पाणी काही चंद्राखाली जागच्या जागी फुगत नाही. ते महासागरातून लाटेसारखे वाहत येते आणि किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे अडते, साचते, चढते. म्हणून एकाच चंद्राखाली गोव्याला पाणी दोनेक मीटर चढते-उतरते, कोचीला मीटरभरही नाही, मुंबईला मोठ्या उधाणात चार मीटरांच्या वर, आणि खंबायतच्या निमुळत्या आखातात, भावनगरला, दहा मीटरांच्या आसपास. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नर्मदेच्या मुखाशी येणाऱ्या भयंकर भरत्यांचे वर्णन आहे, आणि त्या अमावास्येच्या सुमारास विशेष जोराच्या असतात हेही त्यात नोंदले आहे. भडोचला जाणाऱ्या परक्या जहाजांना वाट दाखवायला तिथल्या राजाचे कोळी होड्या घेऊन पुढे येत. त्या कोळ्यांना तिथी ठाऊक असणार, यात मला शंका नाही.

इथे एक आडवळण घेतो. चंद्रामुळे भरती येते ही गोष्ट किनाऱ्यावरच्या निरक्षर माणसालाही कळत होती, आणि गॅलिलिओला ती मान्य नव्हती. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने भरतीओहोटी हा पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा म्हणून मांडला. पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्राचे पाणी हिंदकळते, असे त्याचे म्हणणे. आणि चंद्राची पाण्यावर सत्ता चालते असे मानणाऱ्या केप्लरसारख्या माणसाने असल्या गूढ कल्पनांना थारा द्यावा याबद्दल त्याने खेद व्यक्त केला. त्याच्या सिद्धान्ताप्रमाणे दिवसातून एकच भरती यायला हवी होती. व्हेनिसला राहिलेल्या माणसाला त्या दोन येतात हे दिसत नव्हते असे कसे म्हणावे? पण चंद्राचा प्रभाव म्हटले की त्याला फलज्योतिषाचा वास येत असे, आणि त्या वासापायी त्याने खरी गोष्टही बाहेर टाकली. हिशेब लागला तो १६८७ साली, न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त. बुद्धिवादाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही हकीकत अधूनमधून आठवावी अशी आहे.

याची दुसरी बाजू आपल्याकडे रोज ऐकू येते. समुद्राला चंद्रामुळे भरती येते, माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी आहे, तेव्हा माणसालाही भरती येणारच. म्हणून पौर्णिमेला मन अस्थिर होते, वेड वाढते, वगैरे. हा युक्तिवाद सुशिक्षित माणसे इतक्या आत्मविश्वासाने करतात की त्यांच्यापुढे बोलणे अवघड होते. वास्तविक त्याचे उत्तर विहिरीत आहे. विहिरीला भरती येत नाही. उत्तर अमेरिकेतले सुपीरियर सरोवर महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाएवढे मोठे, पण चंद्र-सूर्य मिळून तिथले पाणी पाच सेंटिमीटरही हलवू शकत नाहीत. भरतीसाठी हजारो किलोमीटर पसरलेले आणि मोकळे वाहणारे पाणी लागते. पाच-साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्यावरच्या आणि पायावरच्या ओढीतला फरक म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे. उलट जमिनीला भरती येते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. आपल्या पायाखालचा खडक दिवसातून दोनदा काही दशक सेंटिमीटर वरखाली होतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचे एक कडे आहे. तिथल्या कणांच्या ऊर्जेत दिसणारा बारीक फरक काही केल्या उलगडेना, तेव्हा १९९०च्या दशकाच्या आरंभी शोध लागला की चंद्राच्या ओढीने ते कडेच सुमारे एक मिलिमीटर ताणले जाते आणि पुन्हा आक्रसते. आपल्याला ते जाणवत नाही कारण आपण, घर, झाड, डोंगर सगळे एकत्रच वर जातो.

सजीवांवर चंद्राचा परिणाम होतो, पण बहुधा ओढीने नव्हे. होतो तो उजेडाने, आणि भरतीच्या पाण्याने. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळे वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, जवळजवळ एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात. शेकडो मैलांवरच्या, डोळे नसलेल्या जिवांनी एकच रात्र साधावी, हे शास्त्रज्ञांनी नोंदले ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. माणसाच्या बाबतीत म्हणाल तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्जेंटिनातल्या तोबा समाजातली माणसे आणि अमेरिकेतल्या सिॲटल शहरातले विद्यार्थी यांची झोप मोजली गेली. पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींत दोन्हीकडची माणसे उशिरा आणि कमी झोपत होती. सिॲटलच्या दिव्यांतही हे व्हावे याचे कारण अजून वादाचे आहे. आमच्याकडे अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे सगळे छातीठोकपणे सांगतात. चांदण्यात चिंबोरी बिळाबाहेर पडून खात नाही, हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. याची परीक्षा आजवर फक्त जिभेने झालेली आहे आणि तिचा निकाल आमच्या घरात तरी एकमताचा आहे.

चिखलात बसलेल्या निवट्याकडे पाहताना मात्र मला नेहमी वाटत आले आहे की चंद्राने केलेले सर्वांत मोठे काम हे असावे. निवटी हा मासा; पण ओहोटीला पाणी गेले तरी तो जात नाही. परांवर रेटा देत चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, शेजाऱ्याशी भांडतो. पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या चतुष्पादांची वाट अशाच भरतीओहोटीच्या पट्ट्यातून गेली असावी असे मानणारे अभ्यासक आहेत. हा तर्क सिद्ध झालेला नाही, आणि निवटी काही आपला पूर्वज नव्हे. पण दिवसातून दोनदा ओला आणि दोनदा कोरडा होणारा पट्टा नसता तर त्याला असे व्हायला कारण काय होते?

पृथ्वीचा आस स्थिर ठेवणारा चंद्र हा दुसरा एक आवडता दाखला. १९९३ साली जाक लास्कर यांनी गणिताने दाखवले की चंद्र नसता तर पृथ्वीचा कल बेभरवशाचा झाला असता, आणि ऋतूही. तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक लेखात येते. २०१२ सालच्या नव्या गणिताने हा बेभरवसा पुष्कळ कमी, आणि फार सावकाश घडणारा असल्याचे दाखवले, ते मात्र लेखांत येत नाही.

मला अधिक ओढ वाटते ती दिवसाच्या लांबीची. भरतीचे पाणी उथळ समुद्रांत, आखातांत, खाड्यांत तळाशी घासते आणि त्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते. दिवस शतकामागे सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो. पृथ्वीने गमावलेली गती चंद्राच्या पदरात पडते आणि तो दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. १९६९ साली अपोलो-११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांच्या पट्टीवर लेसरचे किरण मारून हे अंतर अजूनही मोजले जाते. त्याआधी, १९६३ साली, जॉन वेल्स यांनी एक साधी गोष्ट केली होती. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोजची बारीक रेघ पडते आणि वर्षाचा ठळक पट्टा. सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर त्यांनी वर्षातल्या रेघा मोजल्या, तर त्या चारशेच्या आसपास भरल्या. वर्ष तेवढेच होते. दिवस बावीस तासांच्या आसपासचा होता. हे वाचल्यापासून धरमतरच्या खाडीकडे मी वेगळ्या आदराने पाहतो. तिच्या चिखलावरून गढूळ पाणी घासत चढते तेव्हा, नगण्य का होईना, पृथ्वीला लागलेल्या त्या ब्रेकमध्ये तिचाही वाटा असतो.

एवढे मोठे काळ मनात आले की शेतातल्या बांधाची गोष्ट फार क्षुद्र वाटू लागते. पण ती सांगायची आहे, कारण मुळात तिच्यामुळेच मी हे सगळे वाचू लागलो.

तिथी उधाण सांगते, पण सगळी उधाणे सारखी नसतात. चंद्राची कक्षा लंबगोल आहे. तो सर्वांत जवळ येतो तेव्हा सुमारे ३,५६,००० किलोमीटरांवर असतो आणि सर्वांत दूर जातो तेव्हा सुमारे ४,०६,००० किलोमीटरांवर. अंतरातला फरक चौदा टक्क्यांचा. पण घनाचा हिशेब लावला की भरती घडवणाऱ्या ओढीतला फरक जवळजवळ दीडपट निघतो. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि चंद्राचे जवळ येणे एकाच सुमारास पडले, वर पावसाळी वाऱ्याने समुद्र किनाऱ्याकडे रेटला, की बांधाची कसोटी लागते. १९९०च्या दशकात एका पिठोरी अमावास्येच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. पहिल्या दिवशी ती बैलगाडी जाईल एवढी होती, असे मामा सांगतात. पूर्वी अशी खांड पडली की घरटी एक माणूस निघे आणि पुढच्या भांगेत, म्हणजे सात-आठ दिवसांत, ती बुजवली जाई. पाणी कमी चढते तेवढेच दिवस हाताशी असतात. यावेळी बांध गावाच्या अखत्यारीत राहिलेला नव्हता आणि घराघरांतली तरुण माणसे मुंबईला किंवा कारखान्यांत होती. अर्ज गेले. पाहणी करणारे आले ते पुढच्या उधाणानंतर. मंजुरी आली तेव्हा किती भांगा उलटल्या होत्या ते मामांना तोंडपाठ होते. ते त्या मोजत होते. प्रत्येक उधाणाला पाणी आत येई आणि जाताना खांडेचे काठ घेऊन जाई. दुसऱ्या वर्षी ती बुजवण्यासारखी राहिली नाही.

खारेपाटाबाहेरच्या माणसाला ही गोष्ट दूरची वाटत असेल तर त्याने २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. तिथी कुणाला पाठ नाही. पौर्णिमा २१ तारखेला होऊन गेली होती. २६ म्हणजे कृष्ण पंचमी-षष्ठीचा सांधा. पाऊणपट केली तर पावणेचार ते साडेचार. म्हणजे पावसाचा सर्वांत मोठा लोंढा कोसळत असताना, ऐन दुपारी, समुद्र पूर्ण भरतीला होता आणि शहराचे नाले ज्या तोंडांनी समुद्रात रिकामे होतात त्यांतली बहुतेक तोंडे पाण्याखाली होती. पुष्कळशा तोंडांना दारे नव्हती. खाड्या बुजवून एकत्र केलेल्या सात बेटांचे हे शहर मोठ्या प्रमाणावर खारजमीनच आहे. फरक एवढाच की खारेपाटात उघाडीपाशी राहणाऱ्या माणसाला भरती कधी आहे हे विचारावे लागत नसे. आता पावसाळ्यात मोठ्या भरत्यांच्या तारखा वर्तमानपत्रांत छापून येतात, हे चांगलेच आहे. मात्र त्या बाजूला तिथी छापलेली मला कधी दिसली नाही. तिथी कालनिर्णयात असते, संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारी, आणि उपास सोडण्याच्या कामी येते.

आमच्या शेतात आता कांदळवन आहे. खांडीतून उधाणाबरोबर आलेले बी रुजले आणि वीस-पंचवीस वर्षांत डोक्याच्या वर गेले. कांदळवन तोडणे गुन्हा आहे. उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली त्याला संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. मामांचे नाही. ते म्हणतात, “अरे, कांदळ वाढलं ते वाढलं, पण ती जमीन समुद्राची कधीपासून झाली ते तरी कुणी सांगावं.” मी त्यांना कांदळवनामुळे लाटांचा जोर कमी होतो, मासळीची पैदास होते, हे सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि आज कोणती तिथी आहे ते मला विचारले. मला मोबाइल काढावा लागला. सप्तमी होती. “मग सव्वापाचला भरती,” ते म्हणाले, “पण भांग आहे, आपल्या शेतात नाही पोचायची.”

सातबाऱ्यावर ती जमीन अजून भातशेती म्हणून लागलेली आहे.